छावणीच्या उन्हाळ्यातली बाहुली

यंदा पुन्हा चारा छावणी पडलीय. तेलगावहून वडवणीकडे जाताना डाव्या हाताच्या माळावर हिरव्या जाळ्यांचे मांडव उभे राहिलेत आणि त्यांच्याखाली दावणीला जनावरं. एसटीच्या खिडकीतून मांडव दिसायच्या आधी वास येतो. उसाच्या वाढ्याचा, म्हणजे तोडलेल्या शेंड्यांचा, गोडसर, हिरवा वास, त्यात शेणाचा, ओल्या पोत्यांचा आणि टँकरच्या तापल्या पत्र्यावरून ओघळणाऱ्या पाण्याचा. पिकलेल्या सालात वाढं असं ढिगानं एका जागी येत नाही. ते येतं दुष्काळात. म्हणून हा वास आला की गाडीतल्या माणसांचे चेहरे उतरतात. माझा उतरत नाही. सांगायला संकोच वाटतो, पण त्या वासानं मला हुरूप येतो.

त्याला कारण एक उन्हाळा आहे. मी तेव्हा अंगणवाडीची ताई होते. नाव विमल, माहेर वडवणीचं, रंग काळा. सावळा नव्हे, काळाच. आमच्याकडे 'सावळी' हा शब्द आई-बाप वापरतात, पाहायला आलेली माणसं वापरत नाहीत. ती चहा पितात, पोहे खातात आणि निरोप धाडतात. माझ्या वाट्याला असे पुष्कळ निरोप आले होते. शेवटी ज्यांनी रंग पाहिला नाही, त्यांच्या घरात, धारूरच्या डोंगराच्या अलीकडच्या एका गावात मी नांदायला आले आणि तिथंच मला अंगणवाडी मिळाली.

त्या साली ऊस वाळून गेला, साखर कारखान्यांचा पट्टा लवकर पडला, गाळप थांबलं आणि ऊसतोडीला गेलेली माणसं ऐन हंगामात परत आली. गावात पाणी नव्हतं. गावाबाहेर दूध सोसायटीच्या आवारात छावणी उघडली. कारखान्याकडे जायचा तो वाळका ऊस वाढ्यासकट जनावरांपुढे पडू लागला. पुरुष माणसं कामाच्या शोधात पांगली आणि जनावरं घेऊन बाया छावणीत मुक्कामाला आल्या. बायांमागं पोरं आली. पोरांमागं मी. दूध घालून झालं, कॅन धुऊन उपडे घातले, की सोसायटीच्या खोलीत अंगणवाडी भरायची. फरशी गार असायची. दुधाचा आंबूस वास भिंतींत मुरलेला. आणि कोपऱ्यात, लाकडी पेटीत, सरकत्या दाराआड, टीव्ही.

हा टीव्ही सोसायटीचा, म्हणजे सगळ्यांचा. सोसायटीचे चेअरमन आबा. जाडजूड, मोठ्या आवाजाचे, पांढरंशुभ्र धोतर नेसणारे. टीव्हीच्या पेटीची किल्ली त्यांच्या करगोट्याला. रोज सकाळी लहान मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम लागायचा, त्या वेळेला आबा स्वतः येऊन कुलूप काढायचे. "शिका रं लेकरांनो," म्हणायचे, आणि पोरांच्या मागं खुर्ची टाकून तेच सगळ्यांत रंगून बघायचे.

कार्यक्रम चांगला होता, हे आधी सांगते. त्यानं आमच्या पोरांना अंक शिकवले, रंग शिकवले, हात धुवायला शिकवलं. बाहुल्या गोड होत्या. एक ड्रायव्हर होता, एक डॉक्टर, एक गुरुजी, एक पोस्टमन. सगळे पुरुष. सगळे दुधासारखे गोरे. मुलगी एकच. तिचे गाल गुलाबी, केस सोनेरी लोकरीचे. ती चहा आणायची, उंदराला घाबरून खुर्चीवर चढायची आणि ड्रायव्हरनं वाचवलं की टाळ्या वाजवायची. काळी बाहुलीही एकच होती. ती चोर होती.

मी रोज पाहत होते आणि मला ते दिसत नव्हतं. आपल्याला जे कायमच तसं दिसत आलंय, ते डोळ्यात कुठं खुपतं? मला ते दाखवलं शेवंतानं.

शेवंता पाच वर्षांची होती. रुक्मिणीची एकुलती एक लेक. रुक्मिणी म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून सरसर ट्रकवर चढणारी बाई. हाडापेरानं मजबूत, हसली की अख्ख्या छावणीला ऐकू जाणारी. लेक आईसारखीच, रंगानंही. कार्यक्रम संपला की पोरं तोच खेळ खेळायची. कॅनवर बसून गाडी चालवायची, पोटाला वाटी लावून डॉक्टर व्हायचं. एके दिवशी मी पाहिलं, शेवंता कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती.

"काय गं, खेळत का नाहीस?"

"खेळायले की," ती म्हणाली. "मी चोर हाय. मला धरल्यावर उठायचंय."

"रोज तूच चोर?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. आबांचा नातू सोनू गोरा गोमटा होता, तो कॅनवरून ओरडला, "ताई, ती काळी हाय ना! चोरच की मग!" त्याच्या आवाजात खोट नव्हती. एक आणि एक दोन म्हणावं तसं तो म्हणाला. त्यानंही ते टीव्हीतूनच शिकलं होतं, अंकांसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला बायांची रांग लागली होती आणि एकदम रुक्मिणीचा आवाज चढला. मी धावले. शेवंता एका कॅनच्या झाकणापाशी उकिडवी बसली होती. झाकणात राहिलेलं दूध तिनं ओंजळीत घेऊन तोंडाला फासलं होतं. कपाळ, गाल, मान. उन्हात ते वाळून चिरा पडत होत्या. त्या उन्हाळ्यात दुधाचा थेंब म्हणजे काय होतं ते छावणीतल्या बाईलाच माहीत. रुक्मिणीनं हात उगारला होता.

"कावून सांडलंस गं? कावून?"

"सांडलं न्हाई माय," शेवंता म्हणाली. "लावलंय. मला ड्रायवर व्हायचंय."

रुक्मिणीचा हात तसाच वर राहिला. रांगेतल्या एकीलाही अर्थ विचारावा लागला नाही. प्रत्येकीनं कधी ना कधी हळद, साय, डाळीचं पीठ असलं काही तोंडाला लावून आरशात पाहिलेलं होतं. रुक्मिणी खाली बसली आणि पदरानं लेकीचं तोंड पुसत राहिली. वाळलेलं दूध निघेना तेव्हा तिनं जिभेनं पदर ओला केला. मला तिचे डोळे दिसले नाहीत. माझे मला आवरत नव्हते.

आता मुलं मोबाइलवर कार्टून बघतात. माझी नात बघते, मीही तिच्याबरोबर बघते. पुष्कळ बदललंय. मुली विमानं उडवतात, जादू करतात. तरी एखाद्या गोष्टीत दुष्ट बाई आली की तिच्या रंगाकडे माझं आधी लक्ष जातं. नात म्हणते, "आजी, तू असं काय बघतेस?" मी म्हणते, बघू दे. लहान मूल गोष्ट ऐकतं तेव्हा ते एकच प्रश्न विचारत असतं, यात मी कोण? आणि आपण काही बोललो नाही, तर पडदा त्याला उत्तर देऊन मोकळा होतो.

त्याच आठवड्यात आबा फुलून आले. "बाई, आपली छावणी टीव्हीवर येणार! त्याच बाहुल्यांच्या कार्यक्रमात! गाय आणि दूध असा पाठ हाय, त्याचं शूटिंग आपल्या सोसायटीत!" चुना आला, दावणी रंगल्या, सोनूला नवा शर्ट शिवला. आबांनी त्याच्याकडून चार वाक्यं पाठ करून घेतली. सोनू ती झोपेतही म्हणायचा.

मुंबईहून जीप आली. एक मॅडम होत्या, तरुण, सुती साडी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. एक कॅमेरावाला. आणि बाहुल्या हलवणारे एक वयस्क गृहस्थ, त्यांच्या हातात पत्र्याची ट्रंक. पोरं त्यांना लगेच काका म्हणायला लागली. मॅडम वाईट नव्हत्या. पोरांशी प्रेमानं बोलत होत्या, उन्हात स्वतः फळ्या उचलत होत्या. त्यांनी पोरांची जागा ठरवली. सोनू पुढं, गायीजवळ. ड्रायव्हर बाहुली त्याच्याशी बोलणार. मुली मागं, डोक्यावर छोट्या घागरी घेऊन. शेवंता आपणहून पुढं जाऊन उभी राहिली, तर कॅमेरावाला म्हणाला, "हिला मागे घ्या. चेहऱ्यावर अंधार येतोय." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागच्या रांगेच्याही मागं नेलं. अगदी हळुवार नेलं.

मी पुढं झाले. अंगणवाडीच्या ताईनं कुणापुढं काय बोलायचं? पण बोलले. झाकणातल्या दुधाचं सांगितलं. पोरगी रोज चोर होते ते सांगितलं. आणि म्हटलं, "मॅडम, तुमच्या त्या ट्रंकेत आमच्या रंगाचं कुणी आहे का? चोर सोडून?"

मॅडम गोंधळल्या. "हे बघा ताई, मला कळतंय. पण पाठ वरून मंजूर होऊन आलाय. आज दिवसभरात संपवायचंय. पुढच्या वेळी नक्की विचार करू."

आबांनी डोळे वटारले. "बाई, पाहुण्यांना काय बोलता? लई झालं. व्हा बाजूला."

मी बाजूला होणारच होते. तेवढ्यात मागून रुक्मिणी आली. तिनं सोनूजवळ उभी केलेली गाय सोडली. गाय तिचीच होती. आवारातली सगळ्यांत देखणी म्हणून तिची निवड झाली होती.

"रुक्मिणे, कुठं नेतीस गाय?" आबा ओरडले.

"मागं," रुक्मिणी म्हणाली. "लेक मागं, तर गाय बी मागं."

आणि ती गाय घेऊन चालू लागली. मग दुसऱ्या बाईनं आपल्या म्हशीचा दोर सोडला. मग तिसरीनं. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भांडलं नाही. छावणीतल्या बाया आपापलं जनावर घेऊन मांडवाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. पुढचं चुन्यानं रंगवलेलं आवार रिकामं. तिथं राहिले आबा, जीप, कॅमेरा आणि नव्या शर्टातला सोनू.

"अगं, सोसायटीची इज्जत जाईल!" आबा कळवळून म्हणाले.

पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "आबा, सोसायटी कुणाची हाय? दूध आमी घालतो का तुमी?"

सभासदांच्या वहीत नावं पुरुषांची असली तरी त्या उन्हाळ्यात त्या आवारात धार काढणारा एकही पुरुष नव्हता, आणि हे आबांइतकं कुणाला ठाऊक होतं? ते रागावणार असं मला वाटलं. त्यांनी बायांकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं, आणि त्यांच्या त्या मोठ्या पोटातून हसू वर आलं. "घ्या मॅडम! आता तुमचा गायीचा पाठ बिनगायीचा करा!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्याला लावला आणि सरळ मांडवाच्या पलीकडे चालत गेल्या. शेवंतापुढं धुळीत बसल्या. "बाळ, तू सकाळी उठून काय करतेस?"

"कलेक्टरणीला सोडते," शेवंता म्हणाली.

"कुणाला?"

शेवंतानं आपलं वासरू दाखवलं. तांबूस, लुकडं, ताठ मानेचं. कुणाचं ऐकत नाही म्हणून रुक्मिणीनं त्याचं नाव कलेक्टरीण ठेवलं होतं. मॅडम खो खो हसल्या. मग शेवंता बोलतच सुटली. वासराच्या मागून जायचं नसतं, बाजूनं जायचं असतं. आधी मानेखाली खाजवायचं असतं. त्याच्या कानात आपलं नाव सांगायचं असतं. मॅडम ऐकत राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी काकांना हाक मारली. "काका, एक नवीन बाहुली दुपारपर्यंत होईल?"

काका जणू याच हाकेची वाट बघत होते. "कापड द्या," एवढंच म्हणाले.

ती दुपार मी कधीच विसरणार नाही. कडुलिंबाखाली काका सुई-दोरा घेऊन बसले आणि भोवती अख्खी छावणी. कुणी तपकिरी झंपराचं कापड फाडून दिलं, कुणी काळ्या घोंगडीची लोकर उसवली. दोन वेण्या घातल्या. डोळ्यांना मोठी काळी बटणं लावली. ओठ कसे करायचे, यावर बायांत वाद झाला, शेवटी हसरे करायचे ठरले. काकांनी ती हातात घातली आणि बाहुलीनं मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं.

"नाव काय हिचं?" काकांनी विचारलं.

मी काही सुचवणार, तोच शेवंता म्हणाली, "विमल. ताईसारखी हाय ना."

माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा रंग पाहून माझं नाव एका सुंदर गोष्टीला दिलं होतं. मी काय करावं? मी उठून उगाच पोरांना पाणी द्यायला लागले.

चेहऱ्यावरच्या अंधाराचा प्रश्न उरला होता. कॅमेरावाला म्हणाला, उजेड परतवायला समोर मोठं पांढरं कापड धरावं लागेल. चांगलं पांढरं. छावणीत पांढरं काय असणार? आबा एका गड्यावर गरजले, "बघतोस काय रं? घरी जा, माझं धुतलेलं धोतर आण!" धोतर आलं. दोन बायांनी ते दोन्हीकडून ताणून धरलं आणि उन्हाचा उजेड त्यावरून उसळून शेवंताच्या तोंडावर पडला. कॅमेरावाला भिंगातून पाहत म्हणाला, "अरे वा." तेवढंच म्हणाला. पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. अंधार तिच्या चेहऱ्यात कधी नव्हताच. उजेड तिच्याकडे वळवायचं राहून गेलं होतं.

सोनू रडवेला झाला होता. मॅडमनी त्याला घागर दिली. तो ती डोक्यावर घेऊन इतका ऐटीत चालला की त्यालाही टाळ्या पडल्या.

कार्यक्रम लागला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. नेमकी वीज गेली. आबांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणवली, तारा जोडल्या, आणि टीव्ही उजळला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकलेली. आधी ड्रायव्हर आला, गोरा, नेहमीचा. त्यानं सांगितलं, आज मी सुट्टीवर, दुधाची गाडी विमल चालवणार आहे. आणि दोन वेण्यांची आमची विमल भोंगा वाजवत पडद्यावर आली. बायांनी एकच कल्ला केला. गाडी छावणीपाशी थांबली. विमलनं खाली उतरून विचारलं, वासराला कसं धरायचं? आणि पडदाभर शेवंताचा चेहरा. काळा, चकाकता, उजेडानं भरलेला.

"अवं, मागून न्हाई! बाजूनं या. ती कलेक्टरीण हाय!"

एकही शब्द त्यांनी बदलला नव्हता. 'न्हाई'चं 'नाही' केलं नव्हतं. रुक्मिणी माणसांतून वाट काढत पुढं गेली आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली. मागचे ओरडले, "दिसंना, बस की!" ती बसली नाही. कुणी पुन्हा तिला बस म्हणालंही नाही. आबा खुर्चीवर उभे होते, फेटा हातात घेऊन हलवत होते. आणि शेवंता? ती माझ्या मांडीवर होती. पडद्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "मी हाय ती."

पुढच्या दिवशी कॅनवर चढायला सात-आठ जण भांडत होते. सगळ्यांना विमल व्हायचं होतं. सोनूलाही. शेवंतानं त्याला सांगितलं, "नंबर लाव." चोर व्हायला कुणीच तयार होईना, तेव्हा पोरांनी तो खेळातून काढूनच टाकला.

यंदाच्या छावणीत जनावरं तपासायला जी डॉक्टरीण येते ती शेवंता. परवा फोनवर म्हणाली, "ताई, एकदा येऊन जा, वाढ्याचा वास घ्यायला." ती डॉक्टर झाली ते एका बाहुलीमुळं, असं मी म्हणणार नाही. त्यामागं रुक्मिणीच्या मोळ्या आहेत आणि तिचा स्वतःचा हट्ट आहे. पण शाळेत, कॉलेजात, पहिल्यांदा नोकरीवर गेली तेव्हा, कुणी 'ही?' असं म्हटलं असेल, तर त्या 'ही'ला उत्तर तिच्याकडे फार आधीपासून होतं. आणि माझ्याकडेही. त्या उन्हाळ्यानंतर मी फोटोत मागं उभी राहणं सोडून दिलं.

पण त्या साऱ्यात मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो पुढच्या वर्षीचा एक क्षण. ऊसतोडीहून रुक्मिणी परतली आणि पाठीवरचं बोचकं न उतरवता आधी माझ्याकडे आली. लांब, दुसऱ्या मुलखातल्या कारखान्याच्या तळावर, खोपटांच्या रांगेत तिनं एक अनोळखी पोर पाहिली होती. उपड्या पाटीवर बसून गाडी चालवत होती. रुक्मिणीनं विचारलं, कोण गं तू? पोर म्हणाली, मी विमल.

"मग म्या इचारलं, कोण ही विमल? तर माझ्याकडं बघून म्हणती कशी, 'मावशी, तुमाला विमल म्हाईत न्हाई?'"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

रुक्मिणी तिचं ते अख्ख्या गावाला ऐकू जाणारं हसली.

"काय म्हणू? म्हणलं, न्हाई गं बाई, सांग की. आन् बसले तिच्याम्होरं, ऐकत."